कवळीकाकांची टिटवी

कवळीकाका कशाकशाला घाबरतात ते विचारू नये. कशाला घाबरत नाहीत ते विचारावं, उत्तर लवकर संपतं. लिफ्टला ते घाबरतात, कारण ती मध्येच अडकते. जिन्यालाही घाबरतात, कारण तो कुठेच अडकवत नाही, पाय घसरला की थेट तळमजला. भुंकणारा कुत्रा दिसला की रस्ता बदलतात आणि न भुंकणारा दिसला की घरीच परततात, कारण हा काहीतरी मनात ठेवून बसलाय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. काकांच्या पाठी मात्र ब्रह्मराक्षसांची रांग होती आणि प्रत्येकाला काका आपणहून बसायला जागा देत.

धंदा दातांचा. म्हणजे दात काढायचा नव्हे, दात करायचा. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिच्यात एकच खिडकी आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. टेबलावर गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा, प्लॅस्टर कालवायचं रबरी भांडं आणि घासायचं गरगरणारं चाक. फळीवर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे जबडे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. काकांना तोंडओळख म्हणाल तर साऱ्या गावाची, पण रस्त्यात समोरून येणारा माणूस हसल्याशिवाय त्यांना तो कोण ते कळायचं नाही. आणि साऱ्या गावाला तोंड उघडता यावं म्हणून राबणारा हा गृहस्थ स्वतःचं तोंड मात्र उघडत नसे. बोलले तरी इतकं हळू, की ऐकणारा आधी स्वतःच्याच कानावर संशय घेई.

इतकी वर्षं दाताच्या दवाखान्यात काढली, पण त्या खुर्चीत काका एकदाही बसले नाहीत. वरचे पुढचे दोन दात दुखत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, एकदा दाखवा तरी." काका म्हणाले, "उद्या." शेवटी वाट बघून बघून ते दात आपणहून निघून गेले. मग काकांनी स्वतःसाठी दोन दातांची एक पट्टी केली. त्यांच्या हातची सर्वांत सुबक वस्तू तीच, असं डॉक्टरीणबाई अजून सांगतात.

पक्ष्यांचा नादही भीतीतूनच लागला. भिंतीपलीकडे कुणी पेशंट किंचाळला की काकांच्या हातातलं मेण थरथरे. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन मागच्या बाजूने नदीकडे जात. तिथे एकदा पाण्यात चेंडूएवढी टिबुकली, बुड्या मारणारं पाणपाखरू, दिसली. काकांनी डब्याचं झाकण उघडलं, टक्क झालं, आणि टिबुकली गडप! काका झाकण हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. एवढ्याशा आवाजाला एवढं घाबरणारं कुणी जगात आपल्याशिवाय आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या दिवसापासून त्यांचं पाखरांशी नातं जुळलं. पाखरू कधी उडेल हे काकांना आधीच कळे. कसं कळतं विचारलं तर म्हणत, "मी असतो तर आत्ता उडालो असतो."

हळूहळू रविवारची एक मंडळी जमली. एक काकांचे साडू. फरशा-टाइल्सचं दुकान, पोट मोठं, कॅमेरा त्याहून मोठा आणि आवाज दोन्हींहून मोठा. दुसऱ्या सिस्टर, वॉर्डातून निवृत्त झालेल्या, जगातल्या कुठल्याही गोष्टीला "काही होत नाही" म्हणणाऱ्या. आणि तिसऱ्या आमच्या काकू. काकूंना पक्ष्यांमधलं ओ की ठो कळत नसे. त्यांच्या लेखी पाखरांच्या दोनच जाती, "तो काळा" आणि "तो पांढरा". त्या यायच्या चहाचा थर्मास घेऊन, आणि नवरा कुठे धडपडू नये म्हणून.

एरवी मांजरासारखे मऊ असलेले काका या मंडळीत मात्र हेडमास्तर. त्यांचे नियम दोन. पहिला, जो माणूस एका जागी निश्चल उभा आहे त्याला हाक मारायची नाही, हात करायचा नाही, जवळ जायचं नाही. त्याच्यापुढे काहीतरी आहे असं समजून आपण थांबायचं. हा नियम साडूंमुळे झाला. एकदा काका ससाण्यासमोर श्वास रोखून उभे असताना साडूंनी पाठीमागून "बिस्किट घ्या हो!" अशी आरोळी ठोकली होती. ससाणाही गेला, बिस्किटही पाण्यात गेलं.

दुसरा नियम, पक्ष्याचा आवाज काढून पक्ष्याला फसवायचं नाही. विणीच्या दिवसांत तर जिभेवरही आणायचा नाही. आई अंड्यांवर बसलेली असते. खोटा ओरडा ऐकून ती उठली की वर घिरट्या घालणारे काय लाडू वळत बसतात?

हा नियम काका घराबाहेर काटेकोर पाळत. घरात मात्र, खोटं कशाला बोला, रोज मोडत. सकाळी न्हाणीघरात दातांची पट्टी काढली, की त्या दोन दातांच्या फटीतून फुंकर मारून ते टिटवी काढत. "टिट्-टिट्-टिटीव!" हुबेहूब. फक्त शेवटी फटीतून जास्तीची हवा निसटे आणि 'फिस्स' असा एक आवाज येई. आयुष्यात काकांनी काढलेला मोठा आवाज तेवढाच. बाहेरून काकू ओरडत, "झाली का टिटवीची आंघोळ? चहा गार होतोय!"

त्या वसंतात पाणी लवकर उतरलं होतं. वरच्या बंधाऱ्याची दारं सकाळभर बंद असत. ऊन चढलं की शेतांसाठी पाणी सोडत आणि मग ही सगळी पाणथळ हळूहळू भरून येई. म्हणून मंडळी त्याच्या आतच चहा आटपून निघत. पाणकणसांच्या बेटात टिबुकलीने घरटं केलं होतं. घरटं कसलं, कुजक्या पाल्याचा तरंगता ढीग. काकांना ते आठवड्यापूर्वीच सापडलं होतं आणि त्यांनी फक्त काकूंना सांगितलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "काळा की पांढरा?"

रविवारी बाकीची मंडळी काठावर ताडपत्री पसरत होती, तेवढ्यात काका गमबूट चढवून जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवरून आत गेले. टिबुकली अंड्यांवर बसलेली होती. तिने काकांकडे पाहिलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ झाली. काका समजले, मी असतो तर आता उठलो असतो. तेव्हा आपणच निघावं.

पाखरांच्या वेड्यांनाच सुचेल अशी एक चूक त्यांनी इथे केली. पाठ फिरवली तर पाखरू दचकतं, म्हणून पाखराकडे तोंड ठेवून, अदबीने, दरबारातून निघाल्यासारखे ते मागे मागे सरकू लागले. डोळे पुढे, पाय मागे. जिना उतरताना प्रत्येक पायरी चाचपणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दुधावर साय धरावी तसा चिखलावर सुका पापुद्रा धरला होता. डावा पाय त्यातून आत गेला. तो काढायला काकांनी उजव्यावर भार टाकला, तर उजवाही गेला. गुडघ्यापर्यंत. काकांनी हिसका दिला. चिखलाने बुटांवरची पकड घट्ट केली आणि चवीने आवाज केला, एखादा म्हातारा बोळक्या तोंडाने आंबा चोखतो तसा. दुसऱ्या हिसक्याला चिखल मांड्यांशी आला. काकांनी दोन्ही मुठींत पाणकणसं घट्ट धरली आणि हलायचं थांबवलं. काळजाचं पाणी झालं म्हणतात ना, ते कसं होतं हे त्यांना तेव्हा समजलं. छातीत काहीतरी गार सांडलं आणि ते पायांकडे निघालं, पण पायांचा पत्ताच नव्हता.

ओरडायला हवं होतं. काठ काही कोसावर नव्हता, मंडळींची डोकी दिसत होती. काकांनी तोंड उघडलं. म्हणजे उघडायचं ठरवलं. दातखीळ बसली होती. जन्मभर लोकांचे जबडे उघडून-मिटून पाहिले, आणि स्वतःचा उघडेना. त्यातच वर दलदल ससाणा आला. पंख पसरून, अगदी खालून, बेटाच्या कडेकडेने चालला होता. आता ओरडलं तर टिबुकली घाबरून सरळ पाण्यात उडी घेणार. एरवी घरट्यावरून उठताना ती अंड्यांवर पाला ओढून ठेवते, ती उसंत तिला मिळायची नाही, आणि ससाण्याला पांढरीशुभ्र अंडी आयती ताटात.

म्हणून काका गप्प राहिले, असं सिस्टर पुढे सगळ्यांना सांगत फिरल्या. काकांना विचारलं तर म्हणतात, "आवाजच फुटत नव्हता हो. अंड्यांचं नंतर आठवलं की आधी, देवाला ठाऊक."

पाण्यावरून आवाज चालत येतो. काठावरचा शब्दन् शब्द काकांना ऐकू येत होता. काठावरून मात्र पाणकणसांआड काकांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते.

"बघा, बघा आमचे साडू!" साडू त्यांच्या मते कुजबुजले. "खांबासारखे उभे!"

"हळू बोला," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर येऊन ओरडतील."

"ते? ते कधी ओरडलेत?"

"लग्न झाल्यापासून मी त्याचीच वाट बघतेय," काकू म्हणाल्या. "कप धरा."

"पापणीसुद्धा हलत नाही हो माणसाची. काहीतरी मोठं घबाड सापडलंय. थांबा, एक फोटो काढतो."

खटक. काकांचा फोटो निघाला. मांडीपर्यंत गाळात, दोन्ही मुठींत मरण, आणि चेहरा असा की समाधी लागलीय.

"जाऊन बघू का?" सिस्टरनी विचारलं.

"छे! पहिला नियम. त्यांनीच केलाय." साडूंनी बिस्किटाचा पुडा फोडला. त्याची चुरचुरसुद्धा काकांनी ऐकली.

हात हलवावा तर पाणकणसं सोडावी लागत होती. आपला एकेक नियम काकांना आठवत होता आणि तो करणाऱ्याला ते मनातल्या मनात शिव्या देत होते. शिव्यासुद्धा सभ्यच, सवय नाही.

मग एक वाळकं पान हललं. इतका वेळ ते काकांच्या पुढ्यातल्या डबक्यात निपचित पडलं होतं. आता ते सावकाश वळलं आणि कुणी बोलावल्यासारखं निघालं. बंधाऱ्याची दारं उघडली होती.

पाणी धावत आलं नाही. धावत आलं असतं तर बरं, एकदाच काय ते झालं असतं. ते पाहुण्यासारखं आलं. आधी चिखल झाकला, मग कमरेच्या पट्ट्यापाशी रेंगाळलं, मग शर्टाची बटणं एकेक करून बघू लागलं. समोर टिबुकलीचं घरटं अलगद वर उचललं गेलं, अंड्यांसकट, आईसकट. तिला पाणी चढल्याचं कळलंही नसेल. तिचं घर तरंगत होतं. काका तरंगत नव्हते. काकांना कुणीतरी खालून धरून ठेवलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे अर्धवट राहिलेल्या कवळ्या त्यांना आठवल्या. त्या आता कोण पुरी करणार? मग काकू आठवल्या. त्या आत्ता साखर कमी झाली की काय ते विचारत होत्या. त्यांचा आवाज ऐकत ऐकत, त्यांच्यादेखत, आपण बुडणार आणि त्या म्हणणार, "अगंबाई, आत्ता तर इथे होते." या विचाराने काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्याच विचाराने त्यांचा उजवा हात पाणकणसांवरून सुटला.

हात सुटताच ते त्या अंगाला कलंडले. चिखलाने आणखी एक घोट घेतला. काकांनी दोन बोटं ओठांत घालून जबडा फाकवला, एखाद्या हट्टी पेशंटचा फाकवावा तसा, आणि दातांची पट्टी ओढून काढली. ती खिशात टाकून पुन्हा पाणकणसं धरली. फुंकर मारली. नुसती हवा. तोंडाला कोरड पडली होती. मग पाणी दोनदा उकळून आणि एकदा गाळून पिणाऱ्या या माणसाने मान वाकवली आणि त्या डबक्याचं पाणी जिभेवर घेतलं.

"टिट्-टिट्-टिटीव! फिस्स!"

टिटवीचा तो ओरडा पाणथळीतल्या प्रत्येक जिवाला कळतो. त्याचा अर्थ एकच, सांभाळा. वंचक बगळा उठला, तुतवार उठले. टिबुकलीने चटचट चोचीने पाला ओढला, अंड्यांवर पसरला, आणखी एक काडी वर ठेवली आणि मग ती अलगद पाण्यात उतरली. काकांनी हे सगळं पाहिलं. घाबरावं तर असं शिस्तीत, असं त्यांच्या मनात आलं, आणि तशातही त्यांना स्वतःची लाज वाटली.

"टिटवी!" काठावर साडू उठले. "कुठाय? माळावर बघा, माळावर!" सगळ्या दुर्बिणी उलट्या दिशेला वळल्या.

"टिट्-टिट्-टिटीव! फिस्स!"

काकूंनी कप खाली ठेवला. "ही टिटवी नाही."

"ताई, मागच्या रविवारी तुम्ही बदकाला कोंबडी म्हणालात."

"बदकाचं मला माहीत नाही. ही आमच्या न्हाणीघरातली आहे. ह्यांनी दात काढलेत!"

"हसताहेत?"

"अहो हसताहेत कसले! पट्टी काढलीय तोंडातली. चारचौघांत हा माणूस मेला तरी पट्टी काढायचा नाही." आणि स्वतःच्याच शब्दाने काकू पांढऱ्या पडल्या. "मेला तरी," त्या पुन्हा म्हणाल्या आणि धावत सुटल्या. "अहो! अहो, बरं आहे ना? अहो!"

इतक्या वर्षांत त्या पाणथळीत एवढा मोठा आवाज कुणी केला नव्हता. साडूंनीसुद्धा.

पुढचं साडू दर लग्नकार्यात सांगतात आणि दर वेळी त्यात साडू अधिकाधिक शूर होत जातात. खरं असं झालं. काकू सरळ चिखलात शिरणार होत्या, तेवढ्यात सिस्टरनी त्यांचा दंड धरला आणि वॉर्डातल्या आवाजात हुकूम सोडला, "ताडपत्री आणा!" ताडपत्री चिखलावर पसरली. तिच्यावर साडू पोटावर झोपले. एवढं मोठं पोट आयुष्यात पहिल्यांदाच उपयोगी पडलं, रुतेचना. त्यांनी कॅमेऱ्याचा ट्रायपॉड पुढे केला. पाणी काकांच्या हनुवटीशी होतं.

"हिसका नका देऊ," सिस्टर म्हणाल्या. "बुटात पाय सैल करा. हळूहळू हलवा. बूट राहू देत चिखलालाच."

"काही होत नाही ना हो?" काकूंनी विचारलं. सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. पुढे कधीतरी काकू म्हणाल्या, त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती मला तेव्हा वाटली.

पाय सुटले ते मोज्यांसकट. बूट अजून तिथेच आहेत. काकांना ओढून काठावर आणलं, तेव्हा ते खिसा चाचपत होते. पट्टी सापडली. ती तोंडात बसवली, तेव्हा कुठे त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"ओरडता येत नव्हतं?" काकू रडत रडत म्हणाल्या. "तोंडाला काय झालं होतं?"

काका म्हणाले, "पहिला नियम." इतकं हळू, की साडूंना वाटलं चहा मागताहेत.

माणूस चिखलातून निघतो, चिखल माणसातून लवकर निघत नाही. काका पुन्हा कामाला गेले. रबरी भांड्यात प्लॅस्टर कालवलं, त्यात बोटं घातली, आणि ओलं प्लॅस्टर बोटांना जरा चिकटलं. काका भांडं टाकून खोलीबाहेर आले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. कितीतरी दिवस प्लॅस्टर त्याच कालवून देत होत्या. अंथरुणात पायावर चादर जड झाली की काका दचकून उठत. नदीकडे जाणं बंद. डबा त्याच खोलीत, जबड्यांच्या फळीखाली.

आणि एक गोष्ट ते कुणालाच विचारत नव्हते. टिबुकली परतली का? की काकूंच्या ओरडण्याला आणि साडूंच्या पोटाला भिऊन कायमची गेली? पाला टाकला होता खरा, पण ऊब कोण देणार? विचारलं तर उत्तर मिळेल, या भीतीने काका विचारत नव्हते.

शेवटी एका रविवारी काकूच उठल्या. काकांची दुर्बीण गळ्यात अडकवली, उलटी. "मी जाऊन येते," म्हणाल्या. तिथे गेल्यागेल्या त्यांनी मंडळींना नवा नियम लावला, उभ्या माणसाला घडीघडीला हाक मारायची. साडू आता तिथे इतक्यांदा "बरं आहे ना?" विचारतात, की पाखरांनी जागा बदलायला घेतलीय म्हणे.

काकू परतल्या तेव्हा काका न्हाणीघरात होते. पट्टी हातात, टिटवी नाही. टिटवी त्या दिवसापासून बंद होती. ते बाहेर आले. काकूंनी चपला कोपऱ्यात ठेवल्या, पाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा पुसला. नसता पुसला तरी चाललं असतं.

"ऊन फार आहे आज," काकू म्हणाल्या.

काका दारात उभे राहिले.

"साडूंच्या चपलेचा अंगठा तुटला."

"बरं," काका म्हणाले.

"सिस्टरनी विचारलंय तुम्हाला."

काकांनी टॉवेलचं एक टोक पिळलं. मग दुसरं पिळलं. काकू चहा गाळू लागल्या, थेंब थेंब, जणू जगात घाई कुणालाच नाही.

"अगं," काका म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

काकूंनी बशी पुसायला घेतली. तीही कोरडीच होती. काकांच्या हातातली पट्टी टणकन फरशीवर पडली.

"अगं सांग ना! काय झालं तिचं?"

खिडकीच्या काचा हलल्या म्हणावं तर अतिशयोक्ती होईल, पण शेजारणीने खिडकी उघडून पाहिलं हे खरं आहे. काका स्वतःच्याच आवाजाने इतके घाबरले, की भिंत धरून उभे राहिले.

काकूंनी कप त्यांच्या हातात दिला. डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"हळू हो," त्या म्हणाल्या. "पिल्लं घाबरतील."